हवाईतल्या हवाई वाटा : डावी खिडकी की उजवी?

ओळखीपाळखीत कुणी हवाईला निघालं की मला हटकून एक प्रश्न येतो. "होनोलुलुहून दुसऱ्या बेटावर जाताना कुठल्या बाजूची खिडकी घेऊ रे?" आमच्या घरच्या मंडळींना आधी 'हवाई' या शब्दावरच दोन विनोद करायचे असतात (हवाई चप्पल घालून हवाईला जायचं, वगैरे). ते करून झाले की मग हा प्रश्न. चार-पाच फेऱ्या झालेल्या असल्याने या विषयातला तज्ज्ञ म्हणून माझी परस्पर नेमणूक झालेली आहे. दर वेळी मी फोनवर दोन वाक्यांत उत्तर देतो, आणि दर वेळी फोन ठेवल्यावर वाटतं की खरं उत्तर काही दोन वाक्यांत मावणारं नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी थोडा भूगोल. हवाईची आठ मुख्य बेटं वायव्येकडून आग्नेयेकडे एका तिरक्या रांगेत आहेत. वायव्येच्या टोकाला निइहाऊ आणि काउआई, मग होनोलुलु शहर असलेलं ओआहू, मग मोलोकाई, लानाई, माउई आणि काहोओलावे असा चौघांचा घोळका, आणि आग्नेयेच्या टोकाला सगळ्यात मोठं हवाई बेट. त्याला तिकडे नुसतं 'बिग आयलंड' म्हणतात. समुद्राच्या तळाशी एका जागी लाव्हा वर येत राहतो आणि त्याच्यावरून पॅसिफिकचा तळ वायव्येकडे सरकत राहतो, त्यातून ही रांग तयार झाली. हा सिद्धांत जे. टुझो विल्सन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडला. त्यामुळे काउआईचं वय सुमारे पन्नास लाख वर्षं आणि बिग आयलंड दहा लाखांच्याही आतलं, अजून वाढत्या वयातलं! वायव्येकडून आग्नेयेकडे उडत गेलात की म्हाताऱ्या, झिजलेल्या, कडे कोसळलेल्या डोंगरांकडून तरुण, गुळगुळीत ज्वालामुखींकडे जाता.

खिडकीचं गणित या रांगेवरच आहे. विमान रांगेच्या उत्तरेकडून चाललंय की दक्षिणेकडून, एवढं कळलं की झालं. होनोलुलुहून हिलोला जाणारं विमान बहुधा बेटांच्या उत्तरेकडून जातं, म्हणजे जमीन उजव्या हाताला. कोनाला जाणारं बहुधा दक्षिणेकडून, म्हणजे जमीन डाव्या हाताला. माउईची गंमत वेगळी. ईशान्येचा व्यापारी वारा वाहत असेल (आणि तो वर्षातले बहुतेक दिवस वाहतो) तर विमान दक्षिणेकडून, माआलेआच्या उपसागरावरून आत शिरतं आणि दोन डोंगरांच्या मधल्या सपाटीवरून काहुलुईला उतरतं. परत निघताना वाऱ्याकडे तोंड करून उत्तरेला समुद्रावर उडतं आणि डावीकडे वळून मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्याजवळून होनोलुलुकडे येतं. म्हणजे माउईच्या एकाच जा-ये मध्ये मधल्या बेटांच्या दोन्ही बाजू बघून होतात. वारा फिरला की हे सगळं फिरतं, हे मात्र गृहीत धरा.

आता इतिहास. हे अंतर लोक पूर्वी कसं कापत? आधी होड्यांनी, मग शिडाच्या जहाजांनी, मग वाफेच्या बोटींनी. बेटांमधल्या खाड्या नकाशावर चिंचोळ्या दिसतात, पण वारा आणि प्रवाह दोन डोंगरांमधून दाबला जातो, त्यामुळे त्या चांगल्याच खवळलेल्या असतात. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे रात्रभर गुरं, साखरेची पोती आणि उलट्या करणारी माणसं यांच्या संगतीत जायचं. १९१८ मध्ये मेजर हॅरल्ड क्लार्क हा लष्करी वैमानिक पहिल्यांदा विमानाने ओआहूहून माउईला आणि तिथून हिलोकडे गेला. हिलोजवळ ढगात वाट चुकून मौना केआच्या उतारावरच्या जंगलात पडला आणि सोबत्यासह चालत बाहेर आला.

नियमित विमानसेवा सुरू केली ती बोटवाल्यांनीच. इंटर-आयलंड स्टीम नॅव्हिगेशन या आगबोट कंपनीने १९२९ मध्ये इंटर-आयलंड एअरवेज ही उपकंपनी काढली. गंमत अशी की या कंपनीने पहिल्यांदा माणसं वर नेली ती कुठे पोचवायला नाही, तर ऑक्टोबर १९२९ मध्ये ओआहूवर नुसती चक्कर मारून आणायला! लोकांची भीती मोडावी हा हेतू. ११ नोव्हेंबर १९२९ ला सिकोर्स्की एस-३८ जातीची, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी विमानं होनोलुलुहून माउईमार्गे हिलोला गेली. तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागला. रात्रभराच्या बोटीपुढे ही जादूच. १९४१ मध्ये या कंपनीचं नाव हवाईयन एअरलाइन्स झालं.

त्या काळी हवाईतल्या मोठ्या धंद्यांची सूत्रं मूठभर गोऱ्या घराण्यांच्या हातात होती. १९४६ मध्ये रडी टाँग या चिनी वंशाच्या प्रकाशकाने दुसरी कंपनी काढली, तीच पुढची अलोहा एअरलाइन्स. तिला 'लोकांची विमानसेवा' म्हणत. मग दोघांत चढाओढ लागली, आणि माझ्यासारख्या खिडकीवेड्याला आवडेल अशा गोष्टीत लागली. हवाईयनने १९५० च्या दशकात आपल्या काही डीसी-३ विमानांना मुद्दाम मोठाल्या खिडक्या बसवल्या. अलोहाने १९५९ मध्ये फेअरचाइल्ड एफ-२७ आणलं. त्याचे पंख छताच्या उंचीवर, त्यामुळे खाली बघताना मध्ये पंख येण्याचा प्रश्नच नाही. १९६६ मध्ये दोघांकडे जेट आले, खिडक्या लहान झाल्या आणि माउईपर्यंतचा हवेतला प्रवास अर्ध्या तासावर आला. पेरू, संत्रं आणि पॅशनफ्रूटचा रस पिऊन होतो न होतो तोच पट्टे बांधायची सूचना. अलोहाची प्रवासी सेवा २००८ मध्ये बंद पडली. हवाईयन २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मालकीची झाली.

म्हणजे 'वरून देखावा बघणे' हा इथे पहिल्या दिवसापासून विकायचा माल आहे. त्यात वाईट काही नाही. मीही तो पैसे मोजून घेतोच. पण माउईहून परत येताना डाव्या खिडकीतून जे दिसतं, त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं.

मोलोकाईचा उत्तर किनारा म्हणजे जगातल्या सगळ्यात उंच समुद्रकड्यांपैकी एक. काही ठिकाणी हजार मीटर उंच हिरवीगार भिंत सरळ समुद्रात उतरलेली. धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा. बघताना माणूस गप्पच होतो. त्या भिंतीच्या पायथ्याशी मध्येच एक सपाट जिभेसारखा जमिनीचा तुकडा समुद्रात घुसलेला दिसतो. ते कालाउपापा.

१८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या राज्यात महारोग पसरू नये म्हणून कायदा झाला. ६ जानेवारी १८६६ ला पहिले बाराजण, नऊ पुरुष आणि तीन बायका, बोटीने आणून या द्वीपकल्पावर सोडले. नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसं इथे पाठवली गेली. त्यातली बहुसंख्य मूळ हवाईयन, कारण बाहेरून आलेल्या या रोगापुढे त्यांच्या शरीरात प्रतिकार कमी होता. नवरा-बायकोची ताटातूट झाली, लहान मुलांना आईबापांपासून उचलून आणलं, आणि इथे जन्मलेली मुलं जन्मताच काढून घेतली गेली. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांच्या आणि रोग्यांच्या मध्ये जाळी असे.

ही जागाच का निवडली असेल? तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला तो कडा. तुरुंगाच्या भिंती बांधायचा खर्चच नाही! खिडकीला नाक लावून ज्या कड्याचे आपण फोटो काढतो, तो कडा याच गुणामुळे निवडला गेला. चढता न येण्याइतका उभा, म्हणून कैदखान्याला योग्य. आणि तितकाच उभा, म्हणून सुंदर. देखावा आणि भिंत एकच आहे. आपण वर आहोत की पायथ्याशी, एवढाच फरक.

१८७३ मध्ये फादर डेमियन हा बेल्जियन पाद्री वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तिथे राहायला गेला. नॉर्वेत हॅन्सनला या रोगाचा जंतू सापडला तेही १८७३ सालीच, पण औषध यायला अजून सत्तरेक वर्षं होती. डेमियनने घरं बांधली, थडगी खणली, जखमा धुतल्या, शेवटी स्वतःला रोग झाला आणि १८८९ मध्ये तो गेला. त्याच्या मदतीला १८८६ मध्ये जोसेफ डटन नावाचा अमेरिकी यादवी युद्धात लढलेला माणूस आला होता, तो जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहिला. १९०८ मध्ये अमेरिकेचं सोळा युद्धनौकांचं मोठं आरमार होनोलुलुकडे जात असताना अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मार्ग बदलून ते कालाउपापासमोरून संचलन करत न्यायला लावलं, डटनच्या मानासाठी. किनाऱ्यावर उभं राहून ते बघणाऱ्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. त्या दिवशी देखावा त्यांच्यासाठी होता. एरवी गेली कित्येक वर्षं देखावा तेच आहेत.

१९४६ पासून सल्फोनची औषधं आली आणि रोग बरा होऊ लागला. तरी सक्तीचा एकांतवास उठला तो १९६९ मध्ये! बरे झालेले बरेच जण तिथेच राहिले, कारण तोवर तेच घर झालं होतं. १९८० मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन काढलं ते १९४९ च्या सुमारास, म्हणजे कालाउपापाची सक्ती चालू असतानाच. आणि १९८३ मध्ये बाबांना जो डेमियन-डटन पुरस्कार मिळाला, तो याच दोघांच्या नावाचा. शाळेत सामान्यज्ञानाच्या वहीत मी हे नाव लिहिलं होतं. ते दोघे कोण, हे कळायला मला मोलोकाईवरून उडत जावं लागलं.

आमच्या घरच्या काही जणांना आवडणार नाही, पण इथे एक गोष्ट लिहितोच. कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत कोनाड्यात एक पितळी तांब्या असायचा. त्याला कुणी हात लावत नसे. आम्ही मुलांनी विचारलं की "तो वापरायचा नाही" एवढंच उत्तर मिळे. तो वडिलांच्या एका आत्याचा होता. अंगावर चट्टे उठल्यावर तिला सासरहून परत पाठवलं, आणि आपल्याच आगराच्या टोकाला खोपटं बांधून दिलं. माझी आजी रोज पानावर भात ठेवून लांबूनच हाक मारून परत यायची. वडिलांनी हे सांगितलं तेव्हा त्यांची पंच्याहत्तरी उलटली होती. घरातून ते खोपटं दिसायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दिसायचं ना. पण त्या बाजूची खिडकी उघडत नसत." वंशावळीत तिचं नाव नाही. मुलींची नावं तशीही नसायचीच, त्यामुळे कुणाला काही मुद्दाम खोडावंही लागलं नाही. आमचं कालाउपापा शंभर पावलांवर होतं, एवढंच.

असो. कड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर सगळा दोष डोंगरांना जाईल. काउआई बेटावर ना पालीचे कडे आहेत, असेच उभे, घडीघडीचे. (ते नेहमीच्या विमानातून दिसत नाहीत, त्यासाठी बोट किंवा हेलिकॉप्टर.) तिथल्या कोओलाऊ नावाच्या गुराख्याला हा रोग झाला. बायकोला सोबत नेऊ देणार नाहीत असं कळल्यावर त्याने मोलोकाईला जायला नकार दिला, आणि बायको पिइलानी व मुलगा यांना घेऊन तो कालालाऊच्या खोऱ्यात शिरला. १८९३ मध्ये, राणीची सत्ता उलथवून आलेल्या नव्या सरकारने सैनिक आणि तोफ पाठवली, पण तो हाती लागला नाही. नवरा आणि मुलगा तिथेच वारले, पिइलानीने त्यांना पुरलं आणि एकटी बाहेर आली. तिने सांगितलेली हकीकत १९०६ मध्ये हवाईयन भाषेत छापली गेली. इथे कड्याने आसरा दिला. कडा तोच. कोण कुणाला तिथे घेऊन गेलं, यावर सगळं ठरतं.

आता माउईला जातानाची उजवी खिडकी. माआलेआकडे वळताना उजव्या हाताला एक बसकं, तांबूस, ओसाड बेट दिसतं. ते काहोओलावे. माउईवरच्या हालेआकाला या तीन हजार मीटर उंच डोंगराच्या पर्जन्यछायेत ते येतं, त्यामुळे मुळातच पाऊस कमी. शेळ्यामेंढ्यांनी गवत संपवलं आणि माती वाऱ्यावर उडायला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे कैदी सोडत. पर्ल हार्बरवर १९४१ मध्ये हल्ला झाल्यावर अमेरिकी नौदलाने ते ताब्यात घेतलं आणि बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरलं. १९६५ मध्ये तर दर वेळी पाचशे टन टीएनटी असे तीन स्फोट केले. त्यातल्या एकाचा खड्डा अजून आहे.

नकाशावर रिकामं दिसणारं बेट रिकामं नव्हतं. तिथे जुनी देवस्थानं आणि कोळ्यांच्या पूजेच्या जागा होत्या. त्याच्या पश्चिमेच्या खाडीचं नावच 'ताहितीची वाट' या अर्थाचं आहे, कारण जुने नावाडी ताऱ्यांच्या आधारे दक्षिणेला निघायचे ते इथून. जानेवारी १९७६ मध्ये काही हवाईयन तरुण बंदी मोडून बेटावर उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात होकुलेआ ही जुन्या पद्धतीची जोडहोडी माउईहून निघाली आणि कुठल्याही यंत्राशिवाय ताहितीला पोचली. एकीकडे वाट पुन्हा सापडत होती आणि दुसरीकडे त्या वाटेच्या तोंडावर बॉम्ब पडत होते. मार्च १९७७ मध्ये आंदोलनातले जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल बेटाजवळ समुद्रात नाहीसे झाले. १९९० मध्ये बॉम्बफेक थांबली, १९९४ मध्ये बेट हवाई राज्याला परत मिळालं. सुमारे चाळीस कोटी डॉलर खर्चून नौदलाने सफाई केली, तरी पाव भागावर हात लागलेला नाही आणि खोलवर साफ झालेला भाग जेमतेम दहावा हिस्सा. आता स्वयंसेवक परवानगीने जातात, ठरलेल्या पायवाटा सोडत नाहीत आणि तिथे गवत-झाडं लावतात. वरून तो तांबूस रंग सुरेख दिसतो, विशेषतः निळ्या समुद्रावर. तो मातीचा वाहून जाण्याचा रंग आहे.

याच मार्गावर डावीकडे पश्चिम माउईचा किनारा असतो. तिथे लहाइना. १८४५ पर्यंत हवाई राज्याची राजधानी. ८ ऑगस्ट २०२३ ला तिथे वणव्याने अख्खं गाव जळालं, शंभरावर माणसं गेली. त्यानंतर तिकडे जाणाऱ्या काही जणांनी मला विचारलं की आता तिकडे बघावं की नाही, फोटो काढणं बरं दिसेल का. मला काही नियम सांगता येत नाही. पण न बघणं हा आदर असतो असं मला वाटत नाही. न बघण्याची आमच्या घराला चांगली सवय होती.

तर मंडळी, उत्तर असं. हिलोला जाताना उजवीकडे, कोनाला जाताना डावीकडे. माउईला जाताना काहोओलावेसाठी उजवी, लहाइनासाठी डावी. परत येताना डोळे झाकून डावी, म्हणजे झाकू नका, उघडे ठेवा! पंखाच्या पुढची रांग घ्या. शक्यतो सकाळचं विमान घ्या, दुपारी डोंगरांवर ढग साचतात. उडाल्यावर रस नंतर प्या, कारण मोलोकाई फार लवकर येतं. हिरव्या भिंतीच्या पायथ्याशी जमिनीची ती जीभ दिसली की शेजाऱ्याला एवढंच सांगा की तिथे आठ हजार माणसं राहिली होती, आणि काही अजून राहतात. बहुतेक जण खिडकीकडे सरकून बघतात. मी बऱ्याचदा सांगून पाहिलंय.